तिरळा योसेफ

माझ्या भावाचं तोंड मी रोज सकाळी हुंगते. हसायचं असेल तर हसून घ्या. तो पन्नाशीला टेकलाय, माझ्यापेक्षा चांगला हातभर उंच आहे, तरी चहाआधी माझ्यासमोर येऊन वाकतो, ‘हाऽ’ करतो आणि मी नाक पुढे करते. वास नसला की चहाचा कप त्याच्या हातात देते. त्या वेळी आम्ही एकमेकांशी अवाक्षर बोलत नाही. उन्हाळ्यात त्याला व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आणलं तेव्हापासून हे असंच चाललंय.

घरात सगळे त्याला बारक्या म्हणायचे. आता सगळे म्हणजे मी एकटीच उरलेय. आई-बाबा गेले. बायको सोडून गेली, आणि बरंच केलं तिने. तिच्या जागी मी असते तर कधीच चालती झाले असते. पण मी पडले बहीण.

धंदा आमचा बाबांपासूनचा, मोडक्या मूर्ती दुरुस्त करायचा. घराच्या पुढच्या दोन खोल्या म्हणजे आमचा कारखाना. एकीत प्लास्टरची पोती, पाण्याच्या बादल्या, कानशी आणि माझा पसारा. दुसरीत खिडकीपाशी बारक्याचं टेबल, ब्रश आणि रंग. वर्षभर काम बेताचं असतं. आगमनकाळ लागला, म्हणजे नाताळाआधीचे चार रविवार सुरू झाले, की मात्र आसपासच्या सगळ्या चर्चना एकदम जाग येते. गोठ्याच्या देखाव्यातल्या मूर्ती वर्षभर माळ्यावर कोंबून ठेवायच्या आणि ऐन वेळी आमच्याकडे पाठवायच्या. मग कुणा मेंढपाळाला नाक नाही, कुणा देवदूताला पंख नाही, गाढवाचा तर कान दरवर्षी तुटतो. नाकं, बोटं, कान, झग्यांच्या चुण्या, हे सगळं माझं काम. डोळे बारक्याचे.

डोळे मला जमत नाहीत. बाबांनी ते त्यालाच शिकवले आणि का, ते मला बघताक्षणी कळलं होतं. हा माणूस श्वास रोखून एकदा ब्रश टेकवायचा, की मूर्ती तुमच्याकडे बघायला लागायची. लांबून लांबून लोक यायचे त्या डोळ्यांसाठी. मला त्याचा हेवा वाटायचा आणि अभिमानही तेवढाच वाटायचा.

आणि याच माणसाने गेल्या आगमनकाळात कारखान्यातलं स्पिरिट ढोसलं. आमच्याकडे स्पिरिट लागतंच. त्यात लाख विरघळवायची आणि प्लास्टरवर तिचा हात मारायचा, नाहीतर प्लास्टर रंग पिऊन टाकतं. प्यायचं स्पिरिट नव्हे ते, विष आहे. बाकीची दारू संपली म्हणून याने ते तोंडाला लावलं. दोन दिवस त्याला काही दिसत नव्हतं. दवाखान्यातल्या खाटेवर तो माझा चेहरा हाताने चाचपत होता आणि विचारत होता, “ताई, दिवस आहे का गं?” दिवसच होता. ऊन त्याच्या तोंडावर पडलं होतं.

नजर परत आली. हात गेला. म्हणजे हात आहे जागेवर, पण थरथरतो. तो घासतो, भेगा भरतो, बादल्या उचलतो, सांगेन ते करतो. ब्रश मात्र उचलला की तासभर मूर्तीसमोर बसून राहतो आणि तसाच धुऊन ठेवतो.

मी काय करायचं? मी पाळत ठेवली. स्पिरिट कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली माझ्या गळ्यात. त्यातून पत्र्याचा डबा तो ओळखतो म्हणून स्पिरिट मी व्हिनेगरच्या एका जुन्या प्लॅस्टिकच्या बाटलीत ओतून ठेवलं आणि बाहेरून पेनाने खूण केली. स्वतःच्या हुशारीवर खूश होते मी! यंदाच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी फादर प्रवचनात म्हणाले, जागे राहा. मी मनात म्हटलं, फादर, मी उन्हाळ्यापासून जागीच आहे, मला झोपायला सांगणारं काही वाचा.

यंदा आमच्या स्वतःच्या चर्चचे योसेफ आणि मरीया, येशूचे आई-बाप, आले होते. बाबांच्या हातचे, जवळजवळ माणसाएवढे. चर्चचं छप्पर गळलं आणि पाणी नेमकं दोघांच्या चेहऱ्यांवरून उतरलं. मी सगळं खरवडलं, नवं प्लास्टर चढवलं, लाख मारली, कातडीचा रंग दिला. आता दोघं डोळ्यांवाचून खिडकीपाशी उभे होते, आणि बारक्या रोज त्यांच्यासमोर बसून ब्रश धुऊन ठेवत होता.

तिसऱ्या रविवारच्या आदल्या दिवशी सकाळी घंटाकाका आले. चर्चची घंटा तेच वाजवतात, कुलपं तेच लावतात आणि सगळ्या गावाला घाई तेच करतात.

“उद्या आनंदाचा रविवार,” ते दारातूनच म्हणाले. “गुलाबी मेणबत्ती पेटणार, फादर गुलाबी झगा घालणार. योसेफ-मरीया सकाळच्या मिस्साच्या प्रार्थनेआधी जागेवर हवेत. बाळ नाताळच्या आदल्या रात्री ठेवू. पण आई-बाप उद्या पाहिजेत.”

“मिळतील.”

“डोळे राहिलेत की.”

“दिसतंय मला, काका. मला आहेत डोळे.”

ते गेले. माझं डोकं फिरलेलंच होतं. उद्या आनंद करा म्हणे! आनंद काय नळ आहे, चावी फिरवली की आला? मी बारक्याकडे बघितलं. तो नजर चुकवून कागदाने गाढवाचा कान घासत होता. मी तणतणत कपाट उघडलं आणि माझी नजर बाटलीवरच्या खुणेवर गेली. स्पिरिट चांगलं दोन बोटं खाली उतरलं होतं.

माझ्या पायातलं बळच गेलं. आणि मग ते सगळं बळ तोंडात आलं.

“परत?” मी ओरडले. “परत सुरू केलंस? मी अंघोळीला गेले की किल्ली खुंटीवर असते, हे हेरून ठेवलंस होय?”

तो उठून माझ्या मागे येऊन उभा राहिला. कपाटात बघितलं. मग माझ्यासमोर आला, वाकला आणि तोंड उघडलं, सकाळी करतो तसं.

“काही नको हुंगायला,” मी म्हटलं. “बाटली सांगतेय ना. या खेपेला आंधळा झालास तर माझ्याकडे येऊ नकोस. माझं आता सरलं, बारक्या. मी थकले. तू मेलास तर निदान एकदाच रडून मोकळी होईन.”

हे मी म्हटलं. सख्ख्या भावाला. त्याने एप्रन काढला, नीट घडी घातली, टेबलावर ठेवला आणि निघून गेला. दारही आपटलं नाही. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

मी कपाट धाडकन बंद केलं, कुलूप घातलं आणि योसेफासमोर जाऊन बसले. म्हटलं, जा, कुणाचं काही अडत नाही. आयुष्यभर बघत आलेय, त्यात काय मोठंसं? ब्रश उचलला. श्वास रोखला. उजवा डोळा काढला. बरा आला, खरंच बरा आला. फुशारून डावा काढला. मग दोन पावलं मागे सरून बघितलं आणि कपाळाला हात लावला. संत योसेफ, येशूचा पालक, साऱ्या सुतारांचा आधार, ठार तिरळा झाला होता. एक डोळा मरीयेकडे आणि एक छताकडे. जणू मरीया काहीतरी विचारतेय आणि हा विषय बदलतोय.

हसू कुठलं यायला? रडू आलं. पुसून टाकावं म्हणून बाटली आणायला कपाटापाशी गेले, कुलूप काढलं आणि बाटली उचलली. उचलली जाईना. ओढली. फळीच सगळी हलली, पण बाटली सुटेना. दोन्ही हातांनी हिसका दिला तेव्हा चरचरत सुटली, आणि तिच्याखाली फळीवर, कडेबाहेरही पसरलेला, पांढरा, चिकट डाग दिसला.

तो डाग काय आहे हे मला कुणी सांगायला नको होतं. फळीला बाबांनी लाखेचं पॉलिश केलेलं होतं. स्पिरिट लाख विरघळवतं. बाटलीच्या बुडाला केसाएवढी चीर होती, त्यातून स्पिरिट झिरपत राहिलं, फळीवरची लाख पातळ झाली, स्पिरिट उडून गेलं, आणि बाटली तिथेच डकली. जन्म गेला माझा लाख आणि स्पिरिटमध्ये. फळीकडे एकदा धड बघितलं असतं तर कळलं असतं. पण मला बाटलीत फक्त त्याचा घसा दिसला. आणि ती मेली बाटली मीच निवडली होती.

शाल ओढली आणि निघाले. आणि बघा माझं मन कसं आहे ते. त्याने थेंब घेतला नाही हे समजलेलं असूनही मी आधी गेले ती कोपऱ्यावरच्या बारमध्ये. कलत्या दुपारी तिथे दोन माणसं आणि एक पंखा होता. मालकाने मला ओळखलं.

“तुमचा भाऊ? नाही हो बाई, वर्षभरात पायरी चढलेला नाही.”

“आज?”

“आज समोर उभा होता थोडा वेळ. त्या दिव्याच्या खांबापाशी. मग गेला.”

“कुठे?”

“चर्चकडे. मी म्हटलं, बरं झालं.”

त्या खांबापाशी मी जाऊन उभी राहिले. तिथून बारचं दार सरळ दिसतं, आतल्या बाटल्यासुद्धा दिसतात. 

चर्चच्या मागे एक लहान हॉल आहे. शनिवारी दुपारी तिथे दारू सोडलेल्या माणसांची बैठक भरते. बारक्या दर शनिवारी जातो, परतल्यावर मी त्याचं तोंड हुंगते. बैठक संपलेली दिसत होती. तो एकटाच खुर्च्या एकात एक रचत होता. मी आत गेले. त्याने बघितलं आणि रचत राहिला.

मी वाटेत बरंच काही जुळवून आणलं होतं. तोंडातून आलं ते एवढंच, “बाटली गळकी निघाली.”

“माहितेय,” तो म्हणाला.

“माहितेय म्हणजे?”

“तू कपाट उघडलंस तेव्हाच दिसलं. फळी पांढरी पडलीय.”

“मग बोलायला काय झालं होतं तुला? दातखीळ बसली होती?”

त्याने हातातली खुर्ची खाली ठेवली. “बोललो असतो तर तू फळी बघितली असतीस. बाटली बघितली असतीस. मला वाटलं, एकदा तरी माझ्याकडे बघशील आणि तुला कळेल.”

मी ती खुर्ची उचलून रचलेल्यांवर ठेवली. 

“ताई, उन्हाळ्यापासून आज पहिल्यांदा मला प्यावंसं वाटलं,” तो म्हणाला. “म्हणजे तसं रोजच वाटतं. पण आज पाय तिकडे वळले. म्हटलं, नाहीतरी पिऊन आलोच आहे मी तिच्या लेखी, मग कोरडा कशाला राहू? खांबापाशी उभा राहिलो. घाम सुटला. मग इथे आलो आणि सगळ्यांना सांगितलं. ते म्हणाले, खुर्च्या लाव. मी लावल्या.”

“मी ‘मेलास तर’ म्हटलं तुला,” मी म्हटलं.

“हो.”

“तसं नव्हतं रे म्हणायचं.”

“थोडं होतं,” तो म्हणाला. रागाने नाही म्हणाला. “आणि मला ते कळतं. पण तू माझ्यावर पाळत ठेवतेस ना, ती मी परत कधी पिणार त्याची. तुला नुसती त्याचीच वाट आहे. मी बरा होईन, याची वाट कुणी बघतंय का? घरात दुसरं कोण आहे?”

मी बाकावर बसले. शेजारच्या चर्चमधून मुलींच्या गाण्याची तालीम ऐकू येत होती, उद्याच्या आनंदाची, आणि त्या मेल्या एकाच ओळीवर पुन्हा पुन्हा अडखळत होत्या. मला या माणसाची खरंच इतकी भीती बसली होती, की तो घरी परत आलाय हे मी धड मानलंच नव्हतं. मी त्याला सांगितलं, “मला भीती वाटते, बारक्या. सकाळी दार उघडताना रोज वाटते. तू पडलेला असशील असं वाटतं.” हे मी त्याला आधी कधीच सांगितलं नव्हतं. तो माझ्या शेजारी येऊन बसला. आम्ही दोघंही काही बोललो नाही, आणि हे गप्प बसणं सकाळच्यासारखं नव्हतं.

मग मला आठवलं. “बारक्या, मी डोळे काढलेत.”

“कुणाचे?”

“योसेफाचे.”

तो ताडकन उठला. “काय केलंस?” आणि खुर्च्या, मी, सगळं तिथेच टाकून लांब ढांगा टाकत घराकडे सुटला. मी मागून धापा टाकत.

मी कारखान्यात पोचले तेव्हा तो योसेफासमोर उभा होता. पाठ माझ्याकडे. खांदे हलत होते. म्हटलं, रडतोय. मी जवळ गेले. हसत होता. आवाज न करता, दम कोंडून, डोळ्यांतून पाणी गळेपर्यंत हसत होता.

“हा...” त्याने छताकडे बोट दाखवलं. “हा बघतोय... छप्पर कुठे गळतंय ते!”

आणि तो खाली प्लास्टरच्या पोत्यावरच बसला. मी आधी रागावलेच. म्हटलं, हसतोस काय गाढवा, जमतं तेवढं केलं, तू होतास का इथे? मग मी पुन्हा योसेफाकडे बघितलं. खरंच छप्पर तपासत होता तो. सुतारच शेवटी. मला असं हसू फुटलं की कूस धरून भिंतीला टेकावं लागलं. एक थांबलं की दुसरं सुरू व्हायचं. आई गेल्यापासून त्या घरात कुणी असं हसलं नव्हतं. मला आनंद झाला होता, साधा, सरळ आनंद, आणि तो इतका अनोळखी झाला होता की मला जरा धास्तीच वाटली. उद्या हा पिणार नाही, असं मला कुणी लिहून दिलं नव्हतं. तरी आनंद झाला.

“पुसायला स्पिरिट आणायला गेले होते,” मी डोळे पुसत म्हटलं.

“बरं झालं बाटली चिकटली. स्पिरिटने खालची लाख उठली असती, अख्खा चेहरा गेला असता त्याचा. टर्पेंटाइन दे.”

त्याने फडक्याच्या टोकाने दोन्ही डोळे हलकेच टिपून काढले. उन्हं उतरायला लागली होती. त्याने स्टूल ओढलं, ब्रश घेतला, आणि हात थरथरायला लागला. नेहमीसारखाच. त्याने ब्रश खाली ठेवला.

“जमणार नाही गं.”

“उचल,” मी म्हटलं. मी त्याच्या मागे उभी राहिले आणि दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरलं. प्लास्टर मळून मळून माझे हात दगडासारखे झालेत, त्यांचा कुठेतरी उपयोग व्हायलाच हवा होता. “मी धरते. तू काढ.”

“जोरात नको धरू. मोडशील.”

“कटकट नको.”

त्याने श्वास रोखला, मीही रोखला. थरथर माझ्या हातांत येत होती, पण ब्रशपर्यंत पोचत नव्हती. योसेफाचा उजवा डोळा आला. मग डावा. दोन्ही खाली झुकलेले, बाळ ठेवतील त्या जागेकडे. जुन्या डोळ्यांइतके तरतरीत नव्हते, थोडे दमलेले होते. पण बघत होते. आम्ही मरीयेकडे वळलो. तिचा उजवा डोळाही तसाच काढला.

डावा डोळा राहिला. त्याने ब्रश रंगात बुडवला, टोक निथळवलं आणि हात उचलला. मी मनगट धरूनच होते.

“सोड आता,” तो म्हणाला.

“कशाला? होतंय ना नीट.”

“सोड ना, ताई.”

माझी बोटं सुटेनात. खरं सांगते, सुटेनात. उन्हाळ्यापासून नुसतं धरूनच ठेवलं होतं मी, दुसरं काही करणं विसरूनच गेले होते. एकेक बोट मी उचललं. हात मागे घेतले आणि काखेत दाबून धरले. ब्रश हवेत थरथरला. थरथरतच राहिला. मला ओरडावंसं वाटत होतं, पडेल, बिघडेल, थांब. मी ओठ चावून उभी राहिले. मग त्याने ब्रश टेकवला आणि ओढला.

डोळा किंचित वाकडा आला. कोपऱ्याला रेघ जरा खाली उतरली, सकाळपासून वाट बघून कंटाळलेल्या बाईसारखी. बारक्या मागे सरला.  मग त्याने फडकं उचललं.

“बिघडला. पुसतो.”

“हात लावून तर बघ,” मी म्हटलं, आणि मला हुंदका फुटला.